राखणीच्या कुत्र्यासाठी घरगुती खाऊ : सुरक्षित घटकांची निवड

शेतकरी कुटुंबात गाय, म्हैस, बैल यांच्या खुराकाचा जेवढा विचार होतो, तेवढा राखणीच्या कुत्र्याच्या खुराकाचा होत नाही. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात, म्हणजे गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगड या तालुक्यांत, रानडुक्कर आणि गवा यांच्यापासून पीक राखण्याचे काम कुत्रे करते. पूर्वेकडील शिरोळ, हातकणंगले, कागल भागात वस्तीवरील गोठा, मोटारपंप आणि केबल यांची राखण त्याच्याकडेच असते. मेंढपाळांच्या कळपाबरोबर तर ते बारा महिने चालते.

अशा कुत्र्याला दोन वेळच्या जेवणाशिवाय अधूनमधून काहीतरी खाऊ देण्याची पद्धत आता खेड्यांतही रुजत आहे. शिकवताना, औषध पाजल्यानंतर किंवा रात्रीच्या राखणीला जाण्यापूर्वी दिलेला लहानसा तुकडा उपयोगी पडतो. बाजारात मिळणारी बिस्किटे महाग पडतात, म्हणून अनेक कुटुंबे हा खाऊ घरीच करतात. कल्पना चांगली आहे. परंतु खाऊ कशापासून करावा याची माहिती नसल्यामुळे चांगले कुत्रे आजारी पडते, प्रसंगी दगावते. माणसाला आणि जनावराला जे मानवते ते कुत्र्याला मानवेलच असे नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी.

या लेखातील मुख्य सूत्र एका वाक्यात सांगता येईल. कुत्र्याचा खाऊ ताटातील उरल्यासुरल्यापासून किंवा निवडून टाकलेल्या धान्यापासून करू नये. तो घरच्या खाण्याच्या धान्यापासून, फोडणी आणि मसाला पडण्यापूर्वी करावा.

कांदा-लसूण मसाल्याचा रस्सा

आपल्या भागात मटणाचे जेवण झाले की उरलेला तांबडा रस्सा भाकरीवर ओतून कुत्र्यापुढे ठेवला जातो. कुत्रे तो आवडीने खाते. त्याच रश्श्यात भाकरीचे तुकडे मुरवून वाळवून ठेवण्याची युक्तीही काही घरांत केली जाते. या रश्श्यात तिखट आणि मीठ जास्त असते ही अडचण तर आहेच, पण खरा धोका कांदा आणि लसूण यांचा आहे.

कांदा व लसूण यांत गंधकयुक्त घटक असतात. कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींवर त्यांचा परिणाम होऊन त्या पेशी फुटतात व रक्तक्षय होतो. कुत्र्याच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदा एका वेळी पोटात गेल्यास विषबाधा होऊ शकते. म्हणजे २० किलो वजनाच्या कुत्र्याला १०० ग्रॅम, साधारणपणे एक मध्यम कांदा, पुरेसा आहे. रोज थोडा थोडा पोटात गेला तरी अपाय साचत जातो. लसूण वजनाच्या प्रमाणात कांद्याहून अधिक तीव्र आहे.

शिजवल्याने, तळल्याने किंवा वाळवल्याने हा दोष जात नाही. उलट वाळवलेल्या कांद्यातील पाणी निघून गेल्यामुळे तेवढ्याच वजनात तो अधिक घातक ठरतो. कांदा-लसूण मसाला किंवा त्याचा रस्सा कुत्र्याच्या खाऊत चिमूटभरही घालू नये.

याची लक्षणे लगेच दिसत नाहीत, म्हणून कारण लक्षात येत नाही. रविवारी रस्सा खाल्लेले कुत्रे बुधवार-गुरुवारी सुस्त होते, त्याच्या हिरड्या पांढुरक्या पडतात, दम लागतो आणि लघवी कॉफीसारखी काळपट लाल होते. तोपर्यंत घरचे लोक रस्सा विसरून गेलेले असतात.

शिजवलेली हाडे

शिजवलेले हाड कोरडे व ठिसूळ बनते आणि चावताना त्याच्या टोकदार फाका होतात. कोंबडीची हाडे याबाबत विशेष वाईट. या फाका घशात किंवा आतड्यात रुततात, प्रसंगी आतडे फाटते. खाऊसाठी मांस वापरायचे झाल्यास ते हाडापासून सोडवूनच घ्यावे. जेवणानंतरची हाडे उघड्या उकिरड्यावर न टाकता खड्ड्यात पुरावीत.

द्राक्ष, बेदाणा आणि चिंच

तासगाव, सांगली, मिरज भागातील बेदाणा प्रसिद्ध आहे आणि आपल्याकडे तो सहज मिळतो. प्रतवारीतून निघालेला काळपट, लहान बेदाणा स्वस्त असतो. लहान मुलांना पौष्टिक म्हणून देतो तसा तो कुत्र्यालाही द्यावा असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु बेदाणा व द्राक्ष कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. सन २००१ च्या सुमारास अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या हे प्रथम लक्षात आले. पुढे बरीच वर्षे कारण कळत नव्हते. सन २०२१ मध्ये द्राक्षातील टार्टारिक आम्ल हे त्यामागील संभाव्य कारण म्हणून पुढे आले.

हेच आम्ल चिंचेत भरपूर असते आणि चिंच खाल्ल्यामुळे कुत्र्याचे मूत्रपिंड बिघडल्याच्या नोंदीही झाल्या आहेत. म्हणून चिंचेचा कोळ घातलेली आमटी, चिंचेच्या गोळ्या आणि झाडाखाली पडलेल्या चिंचा यांपासून कुत्र्याला दूर ठेवावे.

येथे सुरक्षित प्रमाण सांगता येत नाही. द्राक्षातील आम्लाचे प्रमाण वाण आणि पक्वतेनुसार बदलते. एखादे कुत्रे मूठभर बेदाणे पचवते, तर दुसरे थोड्यानेच आजारी पडते. ‘आमच्या कुत्र्याने खाल्ले, काही झाले नाही’ या अनुभवावर विसंबू नये. बेदाणा सुकवलेला असल्यामुळे ताज्या द्राक्षापेक्षा अधिक धोक्याचा आहे. द्राक्षबागायतदारांनी बागेत पडलेले घड आणि बेदाणा शेडमधील सांडलवंड रोजच्या रोज उचलावी.

बुरशीचे धान्य : सर्वांत मोठी चूक

शेंगदाणे निवडताना काळे, सुरकुतलेले, कडवट दाणे बाजूला काढले जातात. मक्याची भिजलेली कणसे आणि पावसात सापडलेली ज्वारी यांचेही तसेच. हे धान्य ‘कुत्र्यापुरते चालेल’ म्हणून दळून ठेवले जाते. कुत्र्याच्या खाऊत होणारी ही सर्वांत मोठी चूक आहे.

भुईमूग व मक्यावर वाढणारी अस्परजिलस जातीची बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. सन १९६० मध्ये इंग्लंडमध्ये भुईमुगाच्या पेंडीमुळे सुमारे एक लाख टर्की पक्षी दगावले, त्या तपासातून हे विष प्रथम ओळखले गेले. कुत्रे या विषाला अतिशय लवकर बळी पडते. विष यकृतावर आघात करते. कुत्रे अन्न सोडते, उलट्या होतात, डोळे व हिरड्या पिवळ्या पडतात आणि पोटात पाणी होते.

याचे आपल्या देशातील उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. सन १९७४ च्या शेवटी राजस्थानातील बांसवाडा व गुजरातमधील पंचमहाल जिल्ह्यांतील आदिवासी खेड्यांत काविळीची मोठी साथ आली आणि शंभराहून अधिक माणसे मरण पावली. अवकाळी पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका हे त्याचे कारण निघाले. त्या घरांतील, तोच मका खाणारी कुत्रीही याच आजाराने पछाडली होती. घरचे धान्य वाईट असले तर कुत्रे आणि माणूस दोघेही भोगतात, हे यावरून स्पष्ट होते.

तयार खाद्याबाबतही हे घडले आहे. अमेरिकेत सन २०२०-२१ मध्ये अफ्लाटॉक्सिन असलेल्या तयार खाद्यामुळे शंभराहून अधिक कुत्री दगावल्याची नोंद तेथील सरकारी यंत्रणेने केली.

भाजल्याने किंवा शिजवल्याने बुरशी मरते, पण तिने तयार केलेले विष पूर्णपणे नाहीसे होत नाही. वरची बुरशी पुसून टाकल्यानेही उपयोग होत नाही. म्हणून नियम साधा ठेवावा : जे धान्य आपण स्वतः खाणार नाही ते कुत्र्याला देऊ नये. असे धान्य कोंबड्यांना किंवा दुभत्या जनावरांनाही घालू नये. दुभत्या जनावराच्या पोटात गेलेले हे विष काही अंशी दुधात उतरते.

भुईमुगाची पेंड हा जनावरांचा उत्तम खुराक असला तरी कुत्र्याच्या खाऊसाठी ती वापरू नये. पोत्यात दीर्घकाळ राहिलेल्या पेंडीत बुरशीचा धोका असतो आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

कच्ची आतडी, काळीज आणि फुफ्फुस

यात्रा-जत्रेच्या वेळी शेळी-मेंढी कापल्यानंतर फुफ्फुस, काळीज, आतडी यांचे टाकाऊ भाग कुत्र्यांपुढे टाकले जातात. या अवयवांत कधीकधी पाण्याने भरलेल्या गाठी आढळतात. त्या एका फीतकृमीच्या अवस्था असतात. कुत्र्याने त्या खाल्ल्या की त्याच्या आतड्यात जंत वाढतात व विष्ठेतून त्यांची अंडी बाहेर पडतात. ही अंडी हाताला, भाजीला किंवा पाण्याला लागून माणसाच्या पोटात गेल्यास यकृत व फुफ्फुसांत तशाच गाठी होतात आणि अनेकदा शस्त्रक्रियेची पाळी येते. मेंढपाळ कुटुंबांतील मुले कुत्र्यांत खेळतात, त्यांना हा धोका जास्त.

यासाठी कच्चे अवयव कुत्र्याला कधीही टाकू नयेत. गाठी असलेला अवयव खोल पुरावा किंवा जाळावा. खाऊसाठी घेतलेले स्वच्छ काळीजही किमान अर्धा तास उकळूनच वापरावे. कुत्र्याला पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित जंतनाशक औषध द्यावे.

खाऊत टाळावयाचे इतर पदार्थ

१) चॉकलेट, कोको, चहा, कॉफी : यांतील थिओब्रोमिन व कॅफीन कुत्र्याच्या हृदयावर व मज्जासंस्थेवर परिणाम करतात. चहाचा चोथाही उघड्यावर टाकू नये.

२) साखरविरहित गोळ्या व च्युइंगम : यांत झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असू शकतो. त्यामुळे कुत्र्याच्या रक्तातील साखर अर्ध्या-एक तासात धोकादायकरीत्या खाली येते. शेंगदाण्याचे तयार लोणी वापरायचे झाल्यास डब्यावरील घटक वाचून घ्यावेत.

३) भडंग, फरसाण, पापड, लोणचे, खारवलेले काजू : मीठ व तेल जास्त. फार तेलकट खाण्याने स्वादुपिंडाला सूज येते.

४) काजूची कच्ची बी : आजरा, चंदगड भागात ही घराघरात असते. टरफलातील चीक तोंड व घसा भाजतो.

५) हिरवट किंवा कोंब आलेला बटाटा, टोमॅटोचा पाला व हिरवी कच्ची फळे : यांतील सोलानीन विषारी आहे.

६) कच्चे सोयाबीन : यातील घटक प्रथिनांचे पचन रोखतात. सोयाबीन वापरायचेच असेल तर पूर्ण शिजवून, थोडे वापरावे.

७) जायफळ, तसेच सीताफळाच्या बिया : दोन्ही वर्ज्य.

८) मक्याचे बुरकुंड, आंब्याची कोय, नारळाची करवंटी, उसाचे चिपाड : हे विषारी नसले तरी आतड्यात अडकतात. मक्याचे दाणे चालतील, बुरकुंड नको.

९) आंबवलेले कच्चे पीठ आणि गुऱ्हाळावरील आंबलेली काकवी : यांत मद्यार्क तयार होतो.

१०) दूध : मोठ्या कुत्र्यांना बहुधा दूध पचत नाही व जुलाब होतात. दुधाऐवजी थोडे ताजे दही किंवा पातळ ताक बरे.

गुळाबद्दल अनेकजण विचारतात. कोल्हापूरचा गूळ कुत्र्याला विषारी नाही. परंतु त्याची गरजही नाही. दात किडतात, वजन वाढते आणि गोडाची चटक लागते. ही चटक का धोक्याची आहे ते पुढील परिच्छेदावरून कळेल.

आमिष आणि खाऊ यांत अंतर ठेवा

उंदरांसाठी आपण जे आमिष करतो त्यात भरड धान्य, गोडेतेल आणि झिंक फॉस्फाइड असते. गोगलगायींसाठीच्या आमिषात कोंडा, गुळाचे पाणी आणि मेटाल्डिहाइड असते. म्हणजे विष वगळता आमिषाचे घटक आणि घरगुती खाऊचे घटक एकच आहेत. कुत्र्याच्या नाकाला दोन्ही सारखेच गोड लागतात. त्यासाठी खालील दक्षता घ्यावी.

• आमिषासाठीची परात, काठी व डबा कायम वेगळे ठेवावेत. त्या भांड्यात खाऊ मळू नये.

• आमिष टाकण्याच्या रात्री व पुढील दोन-तीन दिवस कुत्रे बांधून ठेवावे. उरलेले आमिष व मेलेले उंदीर गोळा करून पुरावेत.

• बीजप्रक्रिया केलेले रंगीत बियाणे उरले तरी ते दळू नये. धुतल्यानेही ते खाण्यायोग्य होत नाही.

• एरंडी पेंडीत रायसिन हे तीव्र विष असू शकते. पेंडीचा वास, विशेषतः हाडांच्या चुऱ्याबरोबर मिसळली असता, कुत्र्याला ओढून नेतो. अशी पेंड शेतात लगेच मातीआड करावी व पोती बंद खोलीत ठेवावीत.

• कुत्र्याला खाऊ नेहमी घरच्या माणसाने, ठरावीक भांड्यात किंवा हातावर द्यावा. जमिनीवर पडलेले उचलून खाण्याची सवय लावू नये.

सुरक्षित घटक कोणते?

आता काय वापरावे ते पाहू. सुदैवाने यातील बहुतेक जिन्नस आपल्या घरचेच आहेत.

पिठे : नाचणी, ज्वारी, बाजरी, तांदूळ व गहू. डोंगरी भागात नाचणी भरपूर पिकते. ती या कामी उत्तम. काही कुत्र्यांना गहू सोसत नाही, खाज सुटते. तसे आढळल्यास गहू बंद करून ज्वारी-नाचणी वापरावी.

प्रथिने : उकडलेले अंडे, हाडे काढून उकडलेली कोंबडी, उकळलेले काळीज थोड्या प्रमाणात. काळजात ‘अ’ जीवनसत्त्व फार असते, म्हणून ते रोज व जास्त देऊ नये. सुकट-बोंबील वापरल्यास ते रात्रभर भिजवून, पाणी दोनदा बदलून मीठ काढून टाकावे.

भाज्या : उकडलेला लाल भोपळा, गाजर, रताळे, घेवड्याच्या कोवळ्या शेंगा. मीठ व फोडणी न घालता.

फळे : केळे, बिया काढलेली पपई, कलिंगड व सफरचंद. फळ चव लावण्यापुरतेच.

स्निग्ध पदार्थ : चमचाभर गोडेतेल. तूप-खोबऱ्याचा मारा करू नये.

शेंगदाणे : घरच्या खाण्यातले, निवडलेले, भाजून साल काढलेले, बिनमिठाचे, तेही चार-दोन दाण्यांच्या कुटाइतके.

कृती १ : नाचणी-भोपळ्याच्या वड्या

साहित्य : नाचणीचे पीठ २०० ग्रॅम, गव्हाचे पीठ १०० ग्रॅम, उकडून कुस्करलेला लाल भोपळा १५० ग्रॅम, एक अंडे, गोडेतेल एक लहान चमचा. मीठ, साखर, गूळ, सोडा काहीही घालू नये.

कृती : सर्व जिन्नस एकत्र करून घट्ट गोळा मळावा. लागल्यास थोडे पाणी घ्यावे. अर्धा सेंटिमीटर जाडीची पोळी लाटून दोन बोटे रुंदीचे चौकोनी तुकडे करावेत. साधारण ६० वड्या होतात. तवा मंद आचेवर ठेवून झाकण घालून दोन्ही बाजूंनी आतपर्यंत भाजाव्यात. नंतर झाकण काढून तशाच मंद आचेवर कोरड्या व कडक होऊ द्याव्यात. गावात बेकरी असल्यास भट्टी निवत असताना पत्र्यावर ठेवून घेतल्यास अधिक चांगल्या होतात. एका वडीत सुमारे २० कॅलरी असतात.

कृती २ : ज्वारी-काळजाच्या वड्या

साहित्य : ज्वारीचे पीठ २५० ग्रॅम, अर्धा तास उकळून बारीक वाटलेले काळीज १०० ग्रॅम, काळीज उकळलेले पाणी लागेल तसे.

कृती : पाणी गरम असतानाच पिठावर घालून भाकरीसारखी उकड काढावी. काळीज मिसळून चांगले मळावे. थापून ५० तुकडे करावेत व वरीलप्रमाणे भाजावेत. यातही एका वडीत सुमारे २० कॅलरी मिळतात. या वड्या औषधाची गोळी लपवून देण्यास किंवा शिकवताना बक्षीस म्हणून उपयोगी आहेत. त्या आठवड्यातून दोन-तीन दिवसच द्याव्यात.

किती द्यावे?

खाऊ म्हणजे जेवण नव्हे. दिवसभराच्या एकूण कॅलरीपैकी खाऊचा वाटा दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू नये. निरोगी, मोठ्या कुत्र्यासाठी वरील वड्यांचे रोजचे प्रमाण असे धरावे :

कुत्र्याचे वजन १० किलो : ३ वड्या
कुत्र्याचे वजन १५ किलो : ४ वड्या
कुत्र्याचे वजन २० किलो : ५ वड्या
कुत्र्याचे वजन ३० किलो : ७ वड्या

वजन करण्याची सोपी रीत म्हणजे कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहावे आणि त्यातून आपले वजन वजा करावे. आपल्या सीमाभागात मुधोळ जातीची, ज्यांना कारवान म्हणतात, ती सडपातळ शिकारी कुत्री अनेकांकडे आहेत. या देशी जातीवर भारतीय टपाल खात्याने सन २००५ मध्ये तिकीटही काढले. या जातीचे कुत्रे मुळातच बारीक अंगाचे असते. बरगड्यांची पुसट रेघ दिसते म्हणून ते उपाशी आहे असे समजून खाऊ वाढवू नये. बरगड्यांवरून हात फिरवल्यास त्या सहज हाताला लागाव्यात, इतपत अंग योग्य समजावे.

नवीन घटक एका वेळी एकच सुरू करावा आणि तीन दिवस विष्ठा, खाज व भूक यांवर लक्ष ठेवावे. दोन महिन्यांखालील पिल्लांना, गाभण कुत्रीला आणि मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असलेल्या कुत्र्याला पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय खाऊ देऊ नये.

साठवण

वड्या पूर्ण निवल्यावरच घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भराव्यात. गरम भरल्यास आत पाणी सुटते व बुरशी येते. हिवाळा-उन्हाळ्यात पहिल्या कृतीच्या वड्या आठवडाभर टिकतात. आपल्याकडील पावसाळ्यात हवा फार दमट असते, तेव्हा दोन-तीन दिवसांपुरत्याच कराव्यात. काळजाच्या वड्या शीतकपाट नसेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत संपवाव्यात. मऊ पडलेली, आंबूस वासाची किंवा डाग पडलेली वडी पुन्हा भाजून देऊ नये. सर्व डबा खड्ड्यात रिकामा करून, धुऊन, उन्हात वाळवावा.

विषबाधेची शंका आल्यास

१) काय, किती व केव्हा खाल्ले ते लिहून ठेवावे. औषधाचे वेष्टन, आमिषाचा नमुना किंवा उलटीचा अंश बरोबर घ्यावा.

२) लक्षणांची वाट पाहू नये. बेदाणे, च्युइंगम किंवा आमिष खाल्ल्याचे समजताच तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. पहिल्या एक-दोन तासांत पशुवैद्यक पोट रिकामे करू शकतात. बेदाण्याच्या बाबतीत उलट्या पहिल्या दिवसात होतात, पण मूत्रपिंड निकामी झाल्याचे एक ते तीन दिवसांनी लघवी कमी झाल्यावर समजते. तेव्हा उपचार कठीण जातात.

३) मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये. त्यामुळे मिठाचीच विषबाधा होते. दूध, तूप, तेल, ताक घशात ओतू नये. ते फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो.

४) उंदराचे औषध खाल्ले असल्यास कुत्र्याला काहीही खायला देऊ नये. पोटातील आम्लामुळे झिंक फॉस्फाइडपासून विषारी वायू तयार होतो आणि अन्न गेल्यास आम्ल वाढते. उलटीतूनही हा वायू बाहेर पडतो, म्हणून कुत्र्याला उघड्या हवेत ठेवावे, गाडीच्या काचा उघड्या ठेवाव्यात व उलटीजवळ तोंड नेऊ नये.

५) झटके येत असल्यास तोंडात हात घालू नये. अंधाऱ्या, शांत जागी ठेवून लगेच हलवावे. पिसाळल्याची थोडीशीही शंका असल्यास लाळेला स्पर्श करू नये. प्रत्येक कुत्र्याला रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्यावी.

थोडक्यात महत्त्वाचे

• कांदा, लसूण, बेदाणे, द्राक्षे, चिंच व चॉकलेट यांना खाऊत स्थान नाही.
• रस्सा घातलेली भाकरी नको. कोरडी भाकरी व उकडलेले अंडे चालेल.
• निवडून टाकलेले शेंगदाणे व भिजलेला मका कुत्र्याला नको, कोंबड्यांना नको, गाईलाही नको.
• शिजवलेली हाडे व कच्चे अवयव देऊ नयेत.
• आमिषाची भांडी आणि खाऊची भांडी वेगळी ठेवावीत.
• दिवसाच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांपर्यंतच खाऊ द्यावा.

वरील सर्व खबरदारीला खर्च जवळपास नाही. पाव किलो नाचणी, भोपळ्याची एक फोड आणि एक अंडे एवढ्यात एका कुत्र्याचा आठवड्यापेक्षा जास्त दिवसांचा खाऊ होतो. लागते ती फक्त एक सवय : कुत्र्याच्या वाट्याचे पीठ, भोपळा किंवा अंडे स्वयंपाकाला सुरुवात करतानाच, मीठ-मसाला पडण्याआधी, बाजूला काढून ठेवण्याची. घरातील जी व्यक्ती स्वयंपाक करते आणि जी कुत्र्याला खायला घालते, त्या दोघांनीही वरील यादी एकदा एकत्र वाचावी व स्वयंपाकघरात लावून ठेवावी. अधिक माहितीसाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क साधावा.